श्श! बातम्या!

आपल्याकडे परीक्षण कशाचं होत नाही? नाटकाचं होतं, गाण्याचं होतं, दिवाळी अंकांचं होतं. लग्नातल्या जेवणाचं तर पंगत उठायच्या आत होतं. नाटकाच्या परीक्षणात शेवटच्या परिच्छेदात का होईना, पण नेपथ्य 'सूचक', प्रकाशयोजना 'ठीक' आणि रंगभूषा 'यथायोग्य' असा प्रत्येकाला आपापला प्रसाद मिळतो. पण बातम्या सुरू होण्याआधी जे काही वाजतं आणि जे काही दिसतं, ती धून, ते चिन्ह, ती गोल फिरणारी पृथ्वी, त्याचं परीक्षण मी आजवर कुठे वाचलेलं नाही. वास्तविक मराठी रंगभूमीवरच्या कुठल्याही नाटकाचे झाले नसतील इतके प्रयोग त्या अर्ध्या मिनिटाचे झाले आहेत. तेही रोज, घरपोच, आणि पहिल्या रांगेत आई गवारीच्या शेंगा मोडत बसलेली असताना.

तेव्हा ही उणीव भरून काढायचं मी ठरवलं आहे. निमित्त झालं आमच्या चिरंजीवांचं. ते अमेरिकेत असतात. इथे असताना त्यांना आमटीत गूळ चालत नसे. तिथे गेल्यापासून त्यांना गोडा मसाला, चैत्रगौर आणि चिमणीचा कंदील या सगळ्यांची आठवण येऊ लागली आहे. परवा त्यांनी मोबाइलवर एक चित्रफीत धाडली. मी चष्मा लावून ती उघडली. आणि एकदम ती सनई! तो सावकाश फिरणारा दूरदर्शनचा डोळा! माझ्या छातीत काहीतरी हललं आणि डोळे भरून आले.

"आज तर मी कांदाही चिरत नाहीये," आमची ही म्हणाली. "मग झालं काय?"

"अगं ऐक! साडेसातच्या बातम्यांची धून!"

तिने एक क्षण ऐकलं आणि निकाल दिला, "ही बातम्यांची धून नाही."

"म्हणजे?"

"ही कार्यक्रम सुरू व्हायचे तेव्हाची. संध्याकाळी पहिल्यांदा डोळा यायचा, मग सगळं सुरू. बातम्या त्याच्यानंतर किती वेळाने. मधे शेतकऱ्यांचं असायचं, मुलांचं असायचं. बातम्यांच्या तोंडावर ही सनई नव्हती."

आमची ही मूळची दादरची. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, आणि जणू काही फीत हिच्याच वडिलांनी कापली अशा अधिकाराने ती त्या विषयावर बोलते. वरळीचा मनोरा हिच्या माहेरच्या गच्चीवरून दिसायचा. आम्ही पडलो पुणेकर. आम्हांला १९७३ साली सिंहगडावर प्रक्षेपण केंद्र मिळालं आणि त्यावरून मुंबईचेच कार्यक्रम दिसू लागले. "म्हणजे तुम्हांला सगळं आमचं उष्टंच," असं ही लग्नानंतर पहिल्याच महिन्यात म्हणाली होती. त्यावर मी "सिंहगडावरून आलेल्या गोष्टीला उष्टं म्हणायचं नसतं" असं बाणेदार उत्तर दिलं होतं. ते तिला अजून पटलेलं नाही.

तर मुद्दा असा की ही म्हणते ते खरं आहे. मी दोन दिवस विचार केला, तेव्हा माझ्याही लक्षात आलं. ती सनई बातम्यांची नव्हती. मग पन्नास वर्षं मी तिला बातम्यांची धून का समजत होतो? परीक्षण लिहायला बसलेल्या माणसाने आधी आपल्या या चुकीचं परीक्षण करायला हवं. पण त्याआधी, रीतीप्रमाणे, थोडं घराण्याबद्दल.

या घराण्याची मूळ गायकी आकाशवाणीची. पहाटे रेडिओ लावला की तंबोऱ्यावर व्हायोलिनची ती संकेतधून ऐकू यायची. आमचे आप्पा तिच्यावर दाढीचं पाणी उतरवत. ती धून इतकी आपली, इतकी सोवळ्यातली वाटायची की ती बांधणारा कुणी पंडित भस्म लावून बसला असेल अशी माझी समजूत. पुढे कळलं की तो होता वॉल्टर कॉफमन नावाचा ज्यू संगीतकार. १९३४ साली हिटलरच्या भीतीने युरोप सोडून मुंबईला आलेला. त्याने १९३६ साली ती बांधली आणि जाणकार तिच्यात शिवरंजनी ऐकतात. घर सुटलेल्या माणसाने बांधलेली धून लाखो घरांत रोज पहाटे वाजत राहिली. आमच्या आप्पांना हे कळलं असतं तर ते म्हणाले असते, "म्हणूनच ती वाजली की उठवत नाही कुणाला, समजूत घालते."

दूरदर्शनची कथा पुढची. १ एप्रिल १९७६ ला दूरदर्शन आकाशवाणीपासून वेगळं निघालं. मराठी घरात धाकटा भाऊ वेगळा निघाला की त्याला निदान स्वतःची पातेली लागतात. तसं दूरदर्शनला स्वतःचं चिन्ह आणि स्वतःची धून लागली. चिन्ह काढलं अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतल्या देवाशिष भट्टाचार्य या विद्यार्थ्याने. धून बांधली पंडित रविशंकरांनी, उस्ताद अली अहमद हुसेन खाँ या सनईवादकांच्या साथीने. तेव्हा संगणक कुठला? चित्राच्या प्रती काढून, एकेक फिरवत, कॅमेऱ्याखाली धरून तो डोळा हलता केला होता. आज मोबाइलवर आमच्या शेजारचं पाच वर्षांचं पोर स्वतःच्या तोंडाला मांजराचे कान चिकटवून नाचवतं. पण त्या हाताने फिरवलेल्या डोळ्याला जी अदब होती ती त्या मांजराला नाही.

आमच्या घरी संच आला तोही त्याच उन्हाळ्यात. आप्पा सरकारी कचेरीत कारकून. सोसायटीचं कर्ज काढून त्यांनी तो घेतला. लाकडी पेटी, सरकती दारं, दारांना कुलूप. घरात दागिने ठेवायचं कपाट बिनकुलपाचं होतं आणि टीव्हीला मात्र कुलूप. शेजारी स्टॅबिलायझर, वर आईने विणलेला क्रोशाचा रुमाल आणि पडद्यावर रंगीत प्लास्टिकचा कागद. वर निळा, मध्ये गुलाबी, खाली हिरवा. निसर्गदृश्याला हे ठीक. पण बातम्या वाचणाऱ्या बाईंचे केस निळे, चेहरा गुलाबी आणि साडी कायम हिरवी. रोज हिरवीच साडी नेसते म्हणून आजीला तिची दया येई.

खरी कसोटी अँटेनाची. ती कौलांवर, सिंहगडाकडे तोंड करून. कावळा बसला की तिचं तोंड फिरे. मग आप्पा कौलांवर, मी चौकात आणि ताई खिडकीत अशी आमची साखळी. आप्पा ओरडत, "आलं का?" मी ओरडे, "आलं का?" ताई म्हणे, "आलं... आलं... गेलं!" समोरचे बिऱ्हाडकरू ओसरीवरून म्हणत, "गड आला, पण चित्र गेलं!" हा विनोद त्यांनी रोज केला आणि रोज आप्पा कौलांवरून त्याला हसले. तसं न हसावं तर शिडी धरायला दुसरं कोण होतं?

त्या संचाला तापायला वेळ लागे. आधी आवाज येई, मग बऱ्याच वेळाने चित्र. म्हणजे आमच्याकडे सनई आधी, डोळा मागाहून. अंधाऱ्या काचेतून ती सुरावट यायची आणि मग काहीतरी उजळायचं. दोन वाटोळ्या पाकळ्या सावकाश फिरत यायच्या, एका गोळ्याभोवती स्थिरावायच्या आणि डोळा व्हायच्या. खाली अक्षरं, 'सत्यं शिवं सुंदरम्'. आजीने पहिल्या दिवशी त्याला हात जोडले. ताई म्हणाली, "आजी, तो देव नाही." आजी म्हणाली, "सनई वाजतेय, डोळा उघडतोय, खाली सत्यं शिवं सुंदरम् लिहिलंय. आता देवाला आणखी काय लागतं?"

समीक्षक म्हणून मला आजीचं मत महत्त्वाचं वाटतं. मराठी माणसाच्या कानाला सनई म्हणजे लग्न किंवा देऊळ. दोन्हीकडे पुढे काहीतरी मंगल होणार याची हमी. त्या सुरावटीत 'सारे जहाँ से अच्छा'ची सावलीही ऐकू येते. म्हणजे धून सांगत होती की बसा, चपला बाहेर काढा, आता जे होईल ते शुभ होईल. कुठलीही घाई नाही. स्वर एकेक पायरी चढत, मध्ये थांबून श्वास घेत. सुरुवात कशी असावी याचा तो नमुनाच होता, असं मी आजही म्हणेन.

पुढे जे होई त्याबद्दल मात्र परीक्षकाला जरा वेगळं लिहावं लागतं. ते साल १९७६ होतं, हे चिरंजीवांच्या चित्रफितीत कुठेच लिहिलेलं नाही. जून १९७५ मध्ये आणीबाणी लागली होती. त्या गोड डोळ्याचा जन्म आणीबाणीतला. बातम्यांत वीस कलमी कार्यक्रम, उद्घाटनं, कोनशिला, हारतुरे. मंत्री फीत कापताहेत, मंत्री झाड लावताहेत, मंत्री ते झाड किती वाढलं ते बघायला आले आहेत. चित्र मुकं आणि मागून निवेदकाचा आवाज. ते वाचत मात्र अप्रतिम. मुंबई दूरदर्शनच्या पडद्यावर पुढे-मागे भक्ती बर्वे, स्मिता पाटील, अनंत भावे, प्रदीप भिडे अशी मंडळी बातम्या वाचून गेली. यांच्याकडून वाण्याची यादी वाचून घेतली असती तरी ती ऐकायला माणसं बसली असती. आणि त्या दिवसांत बातमीत वाण्याच्या यादीपेक्षा जास्त काही नसेच.

आमच्या वाड्यात चौकापलीकडे एक मास्तर राहात. शाळेत गणित शिकवत आणि सुटीत भाषणं करत. दोन्ही विषयांत त्यांना एक पायरीही गाळलेली चालत नसे. ७५ च्या अखेरीस कुठल्याशा सभेत ते अशीच एक पायरी न गाळता बोलले आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांना घेऊन गेले. 'मिसा' नावाचा कायदा होता. त्यात विचारायची सोय नव्हती. मास्तर येरवड्याला. आमच्या वाड्यापासून येरवडा सायकलने पाऊण तास; पण त्या दिवसांत अमेरिकेपेक्षा लांब.

माई, म्हणजे मास्तरांच्या बायको, एकट्या राहिल्या. वाड्यात कुणी वाईट वागलं नाही. फक्त नळावर त्या आल्या की इतरांच्या घागरी लवकर भरायच्या. कुणाचा मुलगा सरकारी नोकरीसाठी खटपट करत होता, कुणाच्या भावाला परवाना हवा होता. आमचे आप्पा तर कचेरीतलेच. 'मिसा'त गेलेल्याच्या घरी जाणं-येणं ठेवलं तर काय होईल हे त्यांना सगळ्यांपेक्षा जास्त कळत होतं. रात्री ते आईशी हळू आवाजात बोलत. मी तेरा वर्षांचा. मला एवढंच कळे की सायंकाळी माईंकडे जायचं नाही.

आणि मग टीव्ही आला. कर्ज काढून आणलेल्या त्या पेटीने आमच्या आईला एक युक्ती सुचवली. धून सुरू झाली की आई ओसरीवर येई आणि सगळ्या वाड्याला ऐकू जाईल अशा आवाजात हाक मारी, "माई, या हो! लागलं!" टीव्ही बघायला तर अख्खा वाडा येत होता. धोब्याची मुलं येत, वरच्या मजल्यावरची म्हातारी येत असे. त्यात माई आल्या तर कोण काय म्हणणार? आप्पा पहिल्या दिवशी दचकले. मग म्हणाले, "टीव्ही बघायला येतात. त्याला कुठल्या कलमाची आडकाठी नाही." आप्पांच्या आयुष्यातलं सरकारविरोधी कृत्य ते एवढंच. पण ते त्यांनी रोज केलं.

माई धुनेबरोबर येत आणि दाराजवळ बसत. मग 'आमची माती आमची माणसं' लागे. माईंची शेती म्हणजे एक तुळशीवृंदावन. तरी त्या ज्वारीवरची कीड, कांद्याची साठवण आणि म्हशीच्या आचळांची निगा हे सगळं मान हलवत ऐकत. कारण त्यानंतर साडेसातला बातम्या लागायच्या आणि बातम्यांत कधीतरी, काहीतरी सांगतील. सोडणार म्हणून. निदान कुणाला तरी. बातम्या लागल्या की आप्पा हात वर करून म्हणत, "श्श! बातम्या!" सगळे गप्प. धरण, कोनशिला, झाड. नमस्कार. माई पदर सावरून उठत. आई म्हणे, "उद्या या हं." झालं.

आता कळलं ना, मी चूक का केली? ही म्हणते ते बरोबरच आहे. दूरदर्शनसाठी ती धून कार्यक्रम सुरू झाल्याची खूण होती. पण आमच्या घरात ती वाजली की माई चौक ओलांडून येत आणि त्या आल्या होत्या त्या बातमीसाठी. मधली ज्वारी-बाजरी माझ्या आठवणीने कापून टाकली आणि सनईला बातमी जोडली.

१८ जानेवारी १९७७ ला निवडणुका जाहीर झाल्या. कुणाकुणाला सोडू लागले. माई आता धुनेच्या आधीच येऊन बसू लागल्या. फेब्रुवारीतली एक संध्याकाळ. घर भरलेलं. ज्वारी संपत आलेली, साडेसात व्हायला आले होते. सगळ्यांची तोंडं पडद्याकडे. इतक्यात दारात कुणीतरी आलं आणि खाकरलं. आप्पांनी मान न वळवता हात वर केला आणि म्हणाले, "श्श! बातम्या!"

माणूस गप्प उभा राहिला. बातम्या सुरू झाल्या. कुठल्याशा पुलाचं बांधकाम प्रगतिपथावर होतं. माझी मान सहज वळली. दारात मास्तर. हातात पत्र्याची पेटी, दाढी पांढरी झालेली, स्वतःच्या घराला कुलूप दिसलं म्हणून उजेड होता तिकडे आलेले. मी माईंकडे पाहिलं. त्या त्यांच्यापासून दोन हातांवर बसून एकाग्रतेने पडद्याकडे बघत होत्या, आज तरी काही सांगतात का म्हणून.

पुढचं मला नीट सांगता येत नाही. ताई ओरडली, आई उठली, आजी रडू लागली, कुणाच्या तरी पायाने स्टॅबिलायझर लाथाडला आणि चित्र गेलं. आप्पा मास्तरांचे दोन्ही हात धरून एकसारखे म्हणत होते, "मी तुम्हांला गप्प बसायला सांगितलं हो! मी! तुम्हांला!" मास्तर म्हणाले, "अहो, चालायचंच. चौदा महिने सवय झालीय."

त्या दिवशीची सगळ्यात मोठी बातमी आमच्याकडे दारातून आली आणि बातम्या लागल्या आहेत म्हणून आम्ही तिला उभं करून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी धून वाजली तेव्हा माईंबरोबर मास्तरही आले. त्यांनी डोळा पहिल्यांदाच बघितला. ते आत होते तेव्हा हा बाहेर उघडला होता. त्यांनी मन लावून सनई ऐकली. "छान आहे," म्हणाले. मग खालची अक्षरं वाचली, 'सत्यं शिवं सुंदरम्'. गणिताच्या वहीवर शेरा मारावा तसे म्हणाले, "तीनपैकी शेवटचं बरोबर आहे."

दूरदर्शनच्या चिन्हावर आणि धुनेवर आजवर लिहिलं गेलेलं हे सर्वांत छोटं आणि सर्वांत चोख परीक्षण आहे, असं माझं मत आहे. मी जे लिहितो आहे ते त्यावरचं नुसतं भाष्य.

आता जरा आजच्या काळाकडे. २००७ पासून मराठीत चोवीस तासांच्या बातम्या सुरू झाल्या. कुठल्या एका वाहिनीबद्दल मी बोलत नाही. डोळे मिटून ऐकलं तर त्या मला वेगळ्या ओळखूही येत नाहीत. आधी पडदा काळा होतो. मग विजा चमकतात. मग लोखंडी अक्षरं कुठून तरी उडत येऊन एकमेकांवर आपटतात आणि ठिणग्या पडतात. मागे नगारे, ताशे, तलवारी म्यानातून उपसल्याचा आवाज आणि हेलिकॉप्टर. मी पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा गॅसचं बटण बंद करून आलो. पूर्वीची बातम्यांतली पृथ्वी सावकाश फिरायची, म्हणजे आपण तिच्यावर बसलो आहोत हे लक्षात घेऊन. आताची अशी गरगरते की आमचे चिरंजीव अमेरिकेतून फेकले जाऊन परत सदाशिव पेठेत पडतील. आणि एवढा सगळा शंखनाद झाल्यावर पहिली बातमी काय? तर कुठल्याशा उड्डाणपुलावर टँकर बंद पडला आहे.

रचनेच्या दृष्टीने यातला मोठा दोष माझ्या मते वेगळाच आहे. सुरुवातीची धून असते कशासाठी? मघापर्यंत नव्हतं ते आता सुरू होतंय, हे सांगण्यासाठी. जिथे काही बंदच होत नाही तिथे सुरू काय होणार? देवळाची घंटा आरतीला वाजते म्हणून ती देवळाची. चोवीस तास वाजायला लागली तर माणसं देवळात जाण्याऐवजी आगीचा बंब शोधतील. जुन्या बातम्यांना शेवटचा नमस्कार असायचा. तो झाला की आई पानं घ्यायला उठे. आताच्या बातम्या जेवायच्या आधी लागतात आणि जेवणावर बसूनच राहतात.

हे वाचून तुम्ही म्हणाल, म्हणजे शेवटी तुमचं तेच. जुनं ते सोनं. नाही हो. मास्तरांच्या चौकात वाढलेल्या माणसाला तसं लिहिता येत नाही. जरा विचार करा. मास्तरांना आज उचललं असतं तर? तासाभरात त्यांच्या धोतराभोवती लाल गोल आणि तीन बाण आले असते. माईंच्या तोंडापुढे सात बोंडुकं धरून "तुम्हांला कसं वाटतंय?" असं विचारलं असतं. वाईट झालं असतं. पण सगळ्या महाराष्ट्राला कळलं असतं. त्यानंतर रात्री नऊला कुणीतरी त्यांना विसरलंही असतं, हा भाग निराळा. सनईच्या काळात ते कुणाला कळलंच नाही, त्यामुळे विसरायचा प्रश्न आला नाही.

म्हणून धून आणि बातमी यांचा मेळ या एकाच कसोटीवर मी गुण द्यायचं ठरवलं, तर निकाल जरा अडचणीचा लागतो. जुन्या काळी धून अस्सल होती आणि बातमी तिच्या मागे लपलेली. आज धून कर्कश आहे आणि बातमीही कर्कश आहे. मेळ म्हणाल तर आजच जास्त जमलेला आहे. जे वाजतं तेच आत मिळतं. फसवणूक नाही. पण त्याचं कौतुक करावं असं काही मला वाटत नाही. प्रामाणिकपणे कडू चहा दिला म्हणून कुणी दुसरा कप मागत नाही.

मध्यंतरी २०२४ साली दूरदर्शनच्या बातम्यांच्या वाहिनीचं चिन्ह केशरी झालं आणि मोठा वाद झाला. रंगावरून वाद घालणाऱ्या दोन्ही बाजूंना आमच्या लहानपणचा डोळा आठवत होता आणि दोघेही तो निर्मळ होता असंच म्हणत होते. मला हसू आलं. आमचा डोळा कृष्णधवल होता. त्याला रंगच नव्हता. त्यामुळे तो कुणाचा, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. ज्यांना सुचलं असतं ते येरवड्याला होते.

तरीही चिरंजीवांची चित्रफीत मी पुसलेली नाही. रोज एकदा ऐकतो. मला आठवतं ते दूरदर्शन नाही, हे आता मला कळलंय. आठवते ती चौकात मारलेली आईची हाक. रविशंकरांनी ती धून बांधली तेव्हा त्यांना काय ठाऊक, की पुण्यातल्या एका वाड्यात ती वाजली की एका बाईला दुसऱ्या घरात जायची परवानगी मिळते! संगीताचा याहून चांगला उपयोग मी तरी पाहिलेला नाही. आणि तो उपयोग धुनेच्या मालकांच्या नकळत झाला, हे विशेष.

हिला मी हे सगळं सांगितलं. ती मास्तरांना भेटलेली आहे. आमच्या लग्नात अक्षता टाकताना त्यांनी मंगलाष्टकांतली एक मात्रा चुकल्याचं गुरुजींना सांगितलं होतं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "बरं. तुमच्या घरी ती बातम्यांचीच धून होती." हिच्याकडून एखादा मुद्दा मला मिळाल्याची ही तिसरी वेळ. पहिल्या दोन वेळा कशावरून होत्या ते मी लिहून ठेवलं आहे.

काल संध्याकाळी मी बातम्या बघत होतो. ठिणग्या पडत होत्या, पृथ्वी गरगरत होती. दाराची घंटा वाजली आणि माझा हात आपोआप वर गेला, "श्श! बा..." शब्द तोंडातच राहिला. मी टीव्ही बंद केला, उठलो आणि दार उघडलं.

इस्त्रीवाला होता. सहा कपडे, त्यातला एक आमचा नव्हता.

पण मी आता नियमच केला आहे. बातम्या चालू असताना दार वाजलं की आधी दार उघडायचं.